मार्शमनबाईंचं श्रीरामपूर

बुधवार, 1 मार्च

श्रीरामपूर म्हटलं की आमच्या नगरकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे उसाचा तालुका येतो. आम्ही निघालो ते श्रीरामपूर बंगालमधलं, हुगळीच्या पश्चिम काठावरचं. मराठी छपाईचा इतिहास सांगताना या गावाला वळसा घालून जाता येत नाही. विल्यम केरींचं मराठी व्याकरण 1805 साली इथल्या मिशनच्या छापखान्यात निघालं, मोडी अक्षरांतला मराठी कोश 1810 साली, आणि 1811 साली बायबलमधला नवा करार मराठीत. केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तिघा इंग्रज मिशनऱ्यांना श्रीरामपूरचं त्रिकूट म्हणतात. रविवारच्या शाळेत, प्रवचनांत, पुस्तकांत हीच तीन नावं ऐकत मी वाढले.

चौथं नाव मावशीनं सांगितलं. हॅना मार्शमन. जोशुआ मार्शमन यांची पत्नी, पेशानं शिक्षिका. जन्म 1767 चा, मृत्यू 1847 चा. तिघांच्या बरोबरीनं राबलेली आणि तिघांनाही पोचवून मागे उरलेली बाई.

मावशी नगरच्या एका मिशन शाळेतून निवृत्त झालेली. तिची आई शिक्षिका, आजी शिक्षिका. यजमान, म्हणजे आमचे काका, चर्चचे पाळक (धर्मगुरू). बाहेर शाळा, घरात संसार आणि अंगणात सदैव चर्चच्या मंडळीची माणसं, असा तिचा जन्म गेला. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. एक दिवस म्हणाली, "मार्शमनबाई 5 मार्चला गेल्या. त्या दिवशी त्यांच्या कबरीपाशी उभं राहायचंय मला. नेशील?"

नगर स्टेशनवर आझाद हिंद एक्स्प्रेसला आम्हाला बसवायला मावशीच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या. आजी झालेल्या बायका, पण "सलाम बाई" म्हणताना आवाज वर्गातलाच. एकीनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली, दुसरीनं पाण्याच्या बाटल्या. गाडी हलली तशी मावशीनं डोळे मिटून प्रार्थना केली आणि मग वरचा दिवा बंद करायला सांगितला.

गुरुवार, 2 मार्च

दिवसभर गाडी. वर्धा, नागपूर, गोंदिया, पुढे छत्तीसगड. नागपूरला दहा-पंधरा मिनिटं थांबलो, तेव्हा मावशीला वैजनाथ पंडितांची आठवण झाली. केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवायचे, पण त्यांना मराठीत आधार वैजनाथशास्त्र्यांचा. व्याकरण, कोश, भाषांतरं या सगळ्यांत त्यांचा हात आहे. नागपूरकडचा हा विद्वान दोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्याला जातो, तिथं मराठी शिकवतो, मराठी पुस्तकं उभी करतो. त्याच्या प्रवासाचं कुणी नीट वर्णन करायला हवं होतं. आमच्या डब्यातून संत्र्याची टोपली पुढे सरकली आणि विषय तिथंच राहिला.

दुपारी मावशीनं मला हॅनाबाईंची सुरुवातीची हकीकत सांगितली. ती इथंच लिहून ठेवते.

त्यांचं माहेरचं नाव शेफर्ड. जन्म ब्रिस्टलचा, 13 मे 1767. आजोबा जॉन क्लार्क हे विल्टशर परगण्यातल्या क्रॉकर्टनच्या बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक. 1791 साली जोशुआ मार्शमनशी लग्न झालं. जोशुआ विणकराचा मुलगा, वाचनाचं वेड असलेला. 1794 साली दोघं ब्रिस्टलला आले आणि जोशुआ तिथल्या ब्रॉडमीड मंडळीच्या शाळेत शिकवू लागले. बेताचं पण स्थिर आयुष्य होतं. पाच वर्षांनी ते सोडून, लहान मुलं बरोबर घेऊन, त्या 'क्रायटेरियन' नावाच्या अमेरिकन जहाजात बसल्या. 1799 च्या मेअखेरीस निघालेलं ते जहाज ऑक्टोबरात बंगालला लागलं. ईस्ट इंडिया कंपनीला तेव्हा मिशनरी आपल्या मुलखात नको होते. म्हणून ही मंडळी कलकत्त्याच्या वर, डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपूरला उतरली. डॅनिश गव्हर्नर ओले बी यांनी त्यांना आसरा दिला आणि कंपनीच्या दबावापुढे ते वाकले नाहीत.

"उतरल्या आणि तीन आठवड्यांच्या आत बरोबरचा मिशनरी ग्रँट गेला," मावशी म्हणाली. "पुढल्या दोन वर्षांत फाउंटन, ब्रन्सडन, थॉमस. बहुतेक तरणेताठे. तू त्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

मी काही बोलले नाही. तिनंही उत्तराची वाट पाहिली नाही. बिलासपूरनंतर तिला झोप लागली.

शुक्रवार, 3 मार्च

पहाटे अंधारात हावडा. स्टेशनवरच तोंड धुऊन, मातीच्या भांड्यातला चहा घेऊन आम्ही बँडेलची लोकल पकडली. लिलुआ, बेलूर, बाली, उत्तरपाडा, हिंदमोटर, कोन्नगर, रिषडा आणि मग श्रीरामपूर. अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. डब्यात एक माणूस झालमुडी कालवत होता. सरसूच्या तेलाचा वास अख्ख्या डब्यात. स्टेशनबाहेर टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा. गल्ल्या अरुंद, जुनी घरं दुमजली, हिरव्या झडपांच्या खिडक्या. टोटो एका वळणावर बाहेर पडला आणि समोर एकदम नदी.

हुगळी इथं रुंद आहे, संथ आहे. पलीकडे बराकपूर, तिथं इंग्रजांची छावणी. अलीकडे डेनिश गाव, त्या काळचं नाव फ्रेडरिक्सनगर. डेन्मार्कनं 1755 पासून इथं बस्तान बसवलं होतं. नदीचं एवढं पात्र मध्ये होतं म्हणून ही शाळा, हा छापखाना, हे व्याकरण झालं. पलीकडच्या काठावर यातलं काहीही त्या वेळी होऊ दिलं गेलं नसतं.

सामान उतारूगृहात टाकून आम्ही नदीकाठच्या रस्त्यानं चालत निघालो. मिशनचा जुना परिसर, केरींची प्रसिद्ध बाग, त्या भागात आता इंडिया जूट मिल आहे. भिंतीबाहेरून धुराडं दिसतं, तागाच्या गासड्यांचे ट्रक उभे असतात. आत जायला मिळालं नाही, मागितलंही नाही. मावशी भिंतीच्या सावलीत, रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसली. माझ्या मते या प्रवासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिनं तिथं बसून सांगितली.

10 जानेवारी 1800 ला केरी आपलं कुटुंब घेऊन श्रीरामपूरला आले. त्यांच्या पत्नी डोरोथी मनानं पार खचलेल्या होत्या. पीटर नावाचा त्यांचा पाच वर्षांचा मुलगा 1794 साली उत्तर बंगालात दगावला होता आणि त्यानंतर त्या कधीच सावरल्या नाहीत. परदेशात यायला त्या मुळात तयार नव्हत्या, हेही खरं. चार मुलगे बरोबर: फेलिक्स, विल्यम, जेबेझ आणि चार वर्षांचा जोनाथन. बाप भाषांतरात बुडालेला, आई आजारी, मुलं मोकाट. हॅनाबाईंनी त्या चौघांना आपल्या मुलांत घेतलं. वळण लावलं, शिकवलं, रागावल्या. यांतला फेलिक्स पुढे मिशनरी होऊन ब्रह्मदेशात गेला.

आणि 1 मे 1800 ला मार्शमन पतिपत्नींनी दोन निवासी शाळा काढल्या, एक मुलांची, एक मुलींची. मुलींची शाळा हॅनाबाईंच्या हाती. बंगालातल्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांतल्या मुली फी भरून इथं राहत. वाचन, लेखन, हिशेब आणि त्याबरोबर शिवणकाम, भरतकाम. थोड्याच काळात या शाळांचं उत्पन्न हा मिशनचा मोठा आधार झाला. पुढे केरींचा कॉलेजातला पगार आणि छापखान्याची कमाई त्यात पडली. सगळा पैसा एकाच पेटीत. कुणाचं खासगी काही नाही. घरखर्चापुरतं उचलायचं, बाकी कामाला. 1805 साली या मंडळींनी आपसात जे करारपत्र केलं, त्यात आपला वेळ, आपल्या अंगच्या देणग्या, आपली कुटुंबं, इतकंच काय अंगावरचे कपडेसुद्धा आपले मानायचे नाहीत, असं लिहिलेलं आहे.

"आता बघ," मावशी बोटं मोजत म्हणाली. "टाइप पाडायला पैसा. कागदाला पैसा. पंडितांचे पगार. हे सगळे एका टेबलाला जेवायचे, ते टेबल कोण चालवत होतं? मार्शमनबाई. दिवसा वर्ग, संध्याकाळी भटारखान्याचा हिशेब, रात्री आजाऱ्याच्या उशाशी. आपलं मराठी व्याकरण त्या टेबलावर वाढलं, असं मी म्हणते. यात काही चुकतंय का?"

चुकत नाही. व्याकरणाच्या मुखपृष्ठावर एकच नाव असतं, ते ठीकच आहे. ज्यानं लिहिलं त्याचं ते. पण 1805 साली श्रीरामपूरला मराठीत छापणं शक्य झालं यामागे ज्या गोष्टी होत्या, त्यांत मुलींच्या शाळेची फी होती. आमच्या छपाईच्या इतिहासात मला ही ओळ कुठं वाचायला मिळालेली नाही, आणि ती असायला हवी.

शनिवार, 4 मार्च

सकाळी लुची आणि आलूर दम. मावशीला मैद्याचं सोसत नाही, तरी तिनं दोन खाल्ल्या.

आधी सेंट ओलाव्ह चर्च. गव्हर्नर ओले बी यांनी पुढाकार घेतलेलं हे चर्च 1806 साली पुरं झालं, ते पाहायला ते स्वतः राहिले नाहीत; 1805 सालीच वारले. दर्शनी भागावर डेन्मार्कचा राजा सातवा ख्रिश्चन याची मुद्रा अजून आहे. मधल्या काळात छत धोकादायक झालं होतं, दारं बंद होती. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मदतीनं दुरुस्ती होऊन 2016 साली ते पुन्हा उघडलं, युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. आत पांढऱ्या भिंती, उंच खिडक्या, पंखे, लाकडी बाकं. झाडलोट करणारी बाई आम्हाला पाहून थांबली. तिच्या आणि आमच्या हिंदीत फारसा मेळ नव्हता. मावशीनं हात जोडून "सलाम" म्हटलं, तिनं "नोमोश्कार दीदी" म्हटलं आणि पंखा लावून दिला.

बाकावर बसून मावशीनं जोयमोनीची गोष्ट काढली. कृष्ण पाल हा श्रीरामपूरचा सुतार. घसरून त्याचा खांदा निखळला, तो डॉक्टर थॉमस यांनी बसवला, आणि त्या ओळखीतून 28 डिसेंबर 1800 ला हुगळीत त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या घरातल्या बायका, पत्नी रासमयी आणि मेहुणी जोयमोनी, यांनीही विश्वास धरला. जोयमोनी ही बाप्तिस्मा घेतलेली पहिली बंगाली स्त्री. या घरावर त्या वेळी केवढं वादळ उठलं असेल! पुरुष मिशनरी बायकांच्या ओसरीपलीकडे जाऊ शकत नव्हते. त्यांच्याजवळ बसणं, त्यांना शिकवणं, त्यांचं ऐकून घेणं हे काम हॅनाबाईंचं. भारतातली पहिली स्त्री मिशनरी असं त्यांना म्हणतात ते यासाठीही. त्यांना पाठवणाऱ्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीच्या वहीत मात्र त्या मिशनरीची पत्नी एवढ्याच.

मावशी इथं थोडी तापली. "काकांच्या पेन्शनच्या कागदावर मी 'पत्नी' होते, आणि मंडळीतल्या बायका रात्री अकराला माझंच दार वाजवायच्या," ती म्हणाली. मग लगेच, "तक्रार नाही हं. काका असते तर त्यांनीच आधी सांगितलं असतं."

दुपारी श्रीरामपूर कॉलेज. 1818 साली स्थापना. नदीकडे तोंड करून उभे असलेले उंच खांब, आत लोखंडी जिना. जिना आणि फाटक डेन्मार्कच्या राजाची भेट. 1827 साली तिथल्या सहाव्या फ्रेडरिक राजानं कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली. ती मिळवायला जोशुआ मार्शमन युरोपात गेले होते. 1826 ते 1829 ते इथं नव्हतेच. त्याच काळात लंडनच्या सोसायटीशी फाटलं. श्रीरामपूरच्या लोकांनी, विशेषतः मार्शमन कुटुंबानं, पैसा गाठीला बांधला अशी कुजबूज तिकडे पसरली होती. ज्यांनी मिळवलेलं सगळं एका पेटीत टाकलं त्यांच्यावर ही पाळी! नवरा परदेशात उत्तरं देत फिरतोय, आणि बायको इथं साठीच्या उंबरठ्यावर वर्ग घेतेय. त्या तीन वर्षांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

ग्रंथालयातले जुने ग्रंथ पाहायला परवानगी लागते. आम्ही शिक्षिका आहोत म्हटल्यावर एका सज्जनांनी कपाटामागच्या काचेतून काही दाखवले. वेगवेगळ्या लिप्यांतली बायबलं एका रांगेत. पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या, पण शाई अजून काळीभोर. मावशीनं चष्मा कपाळावर सरकवून काचेला नाक लावलं. 11 मार्च 1812 च्या रात्री छापखान्याला आग लागून कागद, हस्तलिखितं जळाली, वितळलेल्या टाइपांचे गोळे तेवढे उरले होते. टाइपाचे मूळ ठसे वाचले, म्हणून वॉर्डनी त्याच वितळलेल्या शिशातून पुन्हा अक्षरं पाडली आणि काही आठवड्यांत छपाई सुरू झाली. शाळा त्या आगीतून सुरक्षित होती, आणि फीचे पैसे येत होते.

संध्याकाळी डेनिश टॅव्हर्नमध्ये चहा. 1786 ची खाणावळ, पडझडीतून नव्यानं उभी केलेली. तिथल्या खुर्चीत मावशीनं पाय वर घेऊन बसकण मारली आणि मिष्टी दोई मागवलं.

रविवार, 5 मार्च

सकाळी उपासना करून आम्ही फुलं घ्यायला गेलो. झेंडू आणि रजनीगंधा. मिशनची दफनभूमी गावातच, वस्तीच्या गराड्यात आहे. किल्ली असलेला माणूस यायला वेळ लागला, तोवर शेजारच्या घरातल्या बाईंनी मावशीला प्लास्टिकची खुर्ची आणून दिली.

आत गवत कापलेलं होतं. केरी, वॉर्ड आणि मार्शमन, तिन्ही घराण्यांची स्मारकं खांबांवरच्या मंडपासारखी, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. केरींच्या दगडावर त्यांनीच निवडलेली, स्वतःला दीन आणि असहाय म्हणणारी ओळ आहे; त्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पत्नीची नावंही त्याच स्मारकावर. डोरोथीही याच भूमीत आहेत. 8 डिसेंबर 1807 ला त्या गेल्या. मावशीनं पहिलं फूल त्यांच्यासाठी ठेवलं. मी विचारलं नाही का म्हणून.

मार्शमनांच्या मंडपाखाली सावली होती. खांबांचा चुना बोटाला लागत होता, कोपऱ्यात सुगरणीसारख्या कुठल्याशा पक्ष्यानं काड्या जमवल्या होत्या. मावशी खाली बसली आणि मी तिच्या वहीतून वाचत गेले.

वॉर्ड 1823 च्या मार्चमध्ये पटकीनं गेले. केरी 9 जून 1834 ला. जोशुआ 1837 च्या डिसेंबरात. शेवटच्या वर्षांत जोशुआंच्या मनावर काळोख दाटून यायचा. त्यातच 1836 साली मसुरीजवळच्या लंढोरहून बातमी आली की मुलगी राहत होती त्या बंगल्याला आग लागली, ती भाजली, तान्हं बाळ दगावलं. म्हातारा त्या धक्क्यातून उठलाच नाही. हॅनाबाईंना बारा मुलं झाली. वडिलांच्या मागे त्यांतली पाचच उरली होती. घरातल्या किती लहानग्या शवपेट्यांमागून ही बाई या भूमीत चालत आली असेल.

लंढोरच्या त्या मुलीचंही नाव हॅना. 1829 साली तिचं लग्न हेन्री हॅवलॉक नावाच्या लष्करी अधिकाऱ्याशी झालं होतं. मराठी माणसाला हे नाव परकं नाही. 1857 च्या जुलैत फत्तेपूर आणि कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पाडाव करणारा सेनापती हाच. अंदमानातल्या हॅवलॉक बेटालाही त्याचंच नाव होतं, ते आता स्वराज द्वीप झालं. बिठूर, कानपूर आणि सतीचौरा घाट आमच्या इतिहासात ज्या जखमेनं लिहिलं गेलंय, तिच्या एका टोकाला या शाळेतल्या बाईंचा जावई उभा आहे. सासूबाई हे पाहायला नव्हत्या, दहा वर्षं आधी गेल्या होत्या. मला हे वाचताना अवघड वाटलं. मावशी म्हणाली, "लिही ते. वगळू नकोस. माणसाची नाती जशी असतात तशीच लिहायची."

जोशुआ गेल्यावरही त्या इथंच राहिल्या, आणखी नऊ वर्षं आणि वर काही महिने. 1845 साली डेन्मार्कनं आपला भारतातला मुलूख, श्रीरामपूर आणि तमिळनाडूतलं तरंगमबाडी मिळून, साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकला. ज्या कंपनीनं 1799 मध्ये त्यांना पाय ठेवू दिला नव्हता, तिच्याच निशाणाखाली त्यांची शेवटची दोन वर्षं गेली. सगळ्यांत थोरला मुलगा जॉन क्लार्क, आईबरोबर पाच वर्षांचा असताना जहाजातून आलेला, 1818 सालच्या 'समाचार दर्पण' या बंगाली वृत्तपत्राचा संपादक झाला होता. वडिलांचा आणि त्यांच्या दोन्ही साथीदारांचा चरित्रग्रंथ पुढे त्यानंच लिहिला.

हॅनाबाईंसाठी केलेल्या स्मृतिलेखाची मावशीनं उतरवून आणलेली प्रत मी शेवटी वाचली. आशय असा: श्रीरामपूरच्या मिशन कुटुंबातली ही शेवटची उरलेली व्यक्ती, ऑक्टोबर 1799 मध्ये इथं आल्या, मिशनच्या चरितार्थाला हातभार म्हणून मे 1800 मध्ये शाळा काढली, आयुष्य आणि मालमत्ता या कामाला वाहिली, आणि सत्तेचाळीस वर्षं नम्र भक्तीचा आणि कणखर दयेचा कित्ता घालून दिला.

ज्यांनी हे कोरायला दिलं, त्यांनी येण्याच्या तारखेनंतर लगेच शाळेची तारीख घातली. मला ते फार पटलं.

मावशीनं प्रार्थना मोठ्यानं केली, मराठीत. हॅनाबाईंसाठी, जोशुआंसाठी, डोरोथीसाठी, रासमयी आणि जोयमोनीसाठी, वैजनाथ पंडितांसाठी, मग स्वतःच्या आईसाठी, आजीसाठी, आणि काकांसाठी. काकांचं नाव घेताना तिचा आवाज अडकला. किल्लीवाल्या माणसानं टोपी काढली होती.

सोमवार, 6 मार्च

परतीची गाडी रात्रीची, त्यामुळे दिवस कलकत्त्यात. बहूबाजार भागातलं केरी बॅप्टिस्ट चर्च 1809 सालचं. तेव्हाचं लालबाजार चॅपल. भोवती लाकडी फर्निचरची आणि दागिन्यांची दुकानं, ट्रामचे रूळ, हॉर्न.

इथं आमच्या मुलखाचा धागा येऊन मिळतो. 1812 च्या जूनमध्ये अमेरिकेतून जडसन आणि न्यूएल ही दोन तरुण मिशनरी जोडपी आली आणि श्रीरामपूरच्या मिशनची पाहुणी झाली. ॲडोनिराम आणि ॲन जडसन यांचा बाप्तिस्मा सप्टेंबरात याच लालबाजारच्या चर्चमध्ये झाला, मग ती दोघं ब्रह्मदेशाला गेली. हॅरिएट न्यूएल हॅनाबाईंची मुलींची शाळा पाहून हरखून गेली होती. कंपनीनं त्यांनाही राहू दिलं नाही. हॅरिएट त्याच वर्षी मॉरिशसला, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी गेली. तिचा नवरा सॅम्युएल पुढे मुंबईला आला आणि 1821 साली तिथंच वारला. त्यांच्यामागून कलकत्त्याला उतरलेले गॉर्डन हॉल आणि नॉट पतिपत्नी 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. त्याच मिशनच्या सिंथिया फरार 1827 साली आल्या, नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, जोतीराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या. मावशीच्या पणजीला पाटी मिळाली ती त्याच परंपरेतल्या शाळेत.

मी हे सगळं एका सुरात सांगून मोकळी झाले तर मावशी म्हणाली, "अगं, सरळ रेघ ओढू नकोस. मार्शमनबाई नगरला कधी आल्या नाहीत. पण पाहुण्या पोरीनं मुलींची भरलेली शाळा डोळ्यांनी पाहिली, एवढं खरं. तेवढंच सांग."

दुपारी तिनं महिला मंडळासाठी तांताच्या दोन साड्या आणि नातवंडांसाठी संदेश घेतला. हावड्याला गाडी लागायला अवकाश होता. प्रतीक्षालयात तिनं वही उघडून माझ्या हातात पेन दिलं. एप्रिलच्या बैठकीत तिला बोलायचं आहे आणि हात हल्ली थरथरतो, म्हणून मी लिहून घ्यायचं.

"छापखान्यापासून सुरू करू का?" मी विचारलं.

"नको. 1 मे 1800 घाल वर. मुलींची शाळा उघडली तो दिवस. मग फी, मग जेवणाचं टेबल, केरींची पोरं, आणि मग छापखाना." थोडं थांबून म्हणाली, "आणि डोरोथीला जागा ठेव. अर्धं पान तरी."